पिवळी हिरवळ

पावसाळा सरला की पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचे गवत पिकायला लागते. श्रावण-भाद्रपदात गुडघ्याच्या वर गेलेली कुसळी आणि तिची भावंडे दिवाळीपर्यंत सोनेरी होतात, पौषात भुरी पडतात आणि चैत्रात टेकडीच्या खडकाचा नि गवताचा रंग एकच होऊन जातो. रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या हजारो पुणेकरांपैकी कुणीही ‘टेकडी मेली’ असे म्हणत नाही. जूनमध्ये ती पुन्हा हिरवी होणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. टेकडी उतरून एरंडवण्यात किंवा कोथरूडमध्ये आपल्या फाटकाशी आला, की तोच माणूस अंगणातल्या हिरवळीवर हाताएवढा पिवळा डाग पाहून बेचैन होतो. माळ्याला बोलावणे जाते, युरियाची मूठ पडते, पाइप अर्धा तास जास्त चालतो. गवत दोन्हीकडे गवतच आहे, माती आणि पाऊसही तेच. फरक आहे तो अपेक्षेत. पुण्यातल्या घरच्या हिरवळीने वर्षाचे बारा महिने हिरवे असावे ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि ती सोडली तर हिरवळ राखणे सोपे, स्वस्त आणि टिकाऊ होते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

पुण्यात ‘लॉन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एकवचनी लॉन बंगल्यापुढे असते. अनेकवचनी ‘लॉन्स’मध्ये लग्ने लागतात, आणि म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतच्या रस्त्याने गेलेल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दोन्ही अर्थांत हिरवळ ही मिरवायची वस्तू आहे आणि ही मिरवणूक साहेबाकडून आली आहे. हिरवळ कापायच्या यंत्राचे पेटंट इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने १८३० साली घेतले. त्याआधी हे काम विळ्या-कोयत्यांनी नाहीतर मेंढ्यांच्या दातांनी होई. योगायोग असा, की पुण्याची एम्प्रेस गार्डन जी संस्था चालवते, त्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाचे स्थापना-वर्षही १८३०च. कॅम्पातले बंगले, गणेशखिंडीतले गव्हर्नरचे निवासस्थान आणि जिमखान्यांची मैदाने यांतून कापलेल्या हिरवळीची आवड शहरात मुरली. यंत्र आले, हौस आली; इंग्लंडचे आकाश तेवढे आले नाही. एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लंडनमध्ये वर्षाला जेमतेम सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात शिवाजीनगरची सरासरी सातशे ते साडेसातशेच्या घरात आहे, म्हणजे लंडनपेक्षा जास्तच. पण लंडनचा पाऊस बारा महिन्यांत जवळजवळ सारखा वाटलेला असतो, आणि आपल्या पावसाचे पाचातले चार हिस्से जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातात. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत मिळून पडणारा पाऊस तर झाडाच्या पानावरची धूळही नीट धूत नाही. लंडनच्या हिरवळीला आकाशच पाणी घालते. आपल्याकडे आठ महिने ते काम पाइपवर येऊन पडते.

पाइपचे हे काम किती मोठे आहे याचा हिशेब कुणालाही घरी मांडता येईल. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. मार्च ते मे या काळात पुण्याच्या कोरड्या, वाऱ्याच्या हवेत ती हिरवीगार ठेवायची तर गवताच्या पानांतून आणि मातीतून उडून जाणारे पाणी रोज भरून द्यावे लागते. ते काटकसरीने चार मिलिमीटर धरले तरी दिवसाला ३७० लिटर होते. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असा सरकारी निकष आहे. म्हणजे ही हिरवळ घरातल्या पावणेतीन माणसांचे पाणी पिते. तीन महिन्यांत हा आकडा ३३ हजार लिटरांच्या वर जातो. दहा हजार लिटरांचे तीन टँकर रिकामे करूनही पुरत नाही. यात वाऱ्याने उडालेले, फरशीवरून वाहून गेलेले आणि पाइप चालू ठेवून फोन घ्यायला गेल्यामुळे सांडलेले पाणी धरलेले नाही. शहराचे पाणी येते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून. चारहींची साठवण मिळून सुमारे २९ टीएमसी, आणि त्याच पाण्यावर कालव्याने दौंड-इंदापूरपर्यंतच्या शेतीची आवर्तने चालतात. एप्रिलमध्ये उन्हाळी आवर्तन सुटणार की नाही यावर दरवर्षी ओढाताण होते. अंगणातल्या पिवळ्या डागाची चिंता नेमकी त्याच महिन्यात टोकाला पोचलेली असते.

हिरवळीच्या पाण्याचा प्रश्न एकदा थेट उच्च न्यायालयात गेला होता. २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. पिण्याचे पाणी मैदानावर नको म्हणून घोड्यांच्या शर्यतींच्या क्लबाकडून प्रक्रिया केलेले सांडपाणी आणण्याची तयारीही सुनावणीत दाखवली गेली होती. शेवटी पुण्याच्या संघाचे उरलेले घरचे सामने गहुंजेच्या मैदानाऐवजी विशाखापट्टणमला झाले. तेव्हा मैदानांवर भरपूर बोलले गेले. बंगल्या-सोसायट्यांच्या हिरवळींवर कुणी बोलले नाही, कारण त्या एकेकट्या लहान असतात आणि त्यांची बेरीज कुणी करत नाही.

आता गवताकडे वळू. नर्सरीत गेलेल्या माणसापुढे कोरियन, मेक्सिकन, सिलेक्शन वन, अमेरिकन ब्लू अशी नावे येतात. उरुळी कांचनकडून लाल मातीवर वाढवलेल्या चटया चौरस फुटाच्या भावाने येतात आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवे होते. या सगळ्या परदेशी थाटाच्या नावांमागे एक घरगुती विनोद आहे. जगभरातल्या उष्ण प्रदेशांत, गोल्फच्या मैदानांपासून फुटबॉलच्या स्टेडियमपर्यंत, ज्या गवताला ‘बर्म्युडा’ म्हणून मान आहे ते आपली हरळी. गणपतीला एकवीस वाहतो ती दूर्वा आणि शेतकरी शिव्या देतो ती हरळी हे एकच गवत. भाद्रपदात मंडईत तिच्या जुड्यांना भाव येतो आणि एरवी तिच्यावर खुरपे चालते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने तिचा आफ्रिकेतल्या बहिणीशी संकर करून मैदानांसाठी जी वाणे काढली, त्यांच्यावर आज मोठमोठे सामने खेळले जातात. तेव्हा अंगणात ‘साधी हरळी’ लावायला पुणेकराने संकोचायचे कारण नाही.

आणि या गवताच्या चिवटपणाचा दाखला हवा असेल तर तो बागकामाच्या पुस्तकापेक्षा शेतात जास्त खात्रीचा मिळतो. हरळीने धरलेले काळ्या जमिनीतले शेत साफ करायचे तर शेतकरी ते नुसते कोरडे ठेवत बसत नाही. कोरडे ठेवून हरळी मरत नाही हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तो एप्रिलच्या उन्हात खोल नांगरतो, जमिनीतल्या काशा, म्हणजे आडवी पसरलेली खोडे, वर काढतो, त्या उन्हात तळू देतो आणि तरीही मागून माणसे लावून त्या वेचून काढतो. हातभर काशीतला बोटभर तुकडा राहिला तरी आषाढात तो फुटतो. वरचे पान वाळणे हे या गवताच्या दृष्टीने दुकान बंद करून आत जाऊन बसण्यासारखे आहे. भांडवल सगळे काशांत नि मुळांत सुरक्षित असते. पावसाळा आणि कोरडे महिने आलटून-पालटून येणाऱ्या मुलखात तगण्याची ही रीत तिच्या अंगात मुरलेली आहे. आपण उन्हाळ्यात तिला रोज पाणी घालतो तेव्हा ही रीत मोडतो. रोजच्या शिंपणाने वरची दोन इंच माती ओली राहते, मुळे तिथेच घुटमळतात, आणि मेमध्ये एक आठवडा पाणी तुटले की अशी लाडावलेली हिरवळ खरोखर मरू शकते. पिवळेपणाच्या भीतीने केलेला उपायच मग तिच्या मुळावर येतो.

पिवळी हिरवळ सुंदर दिसू शकते का? सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतले, ती ओकायामा शहरातली कोराकुएन बाग १७०० साली पूर्ण झाली आणि जपानमधल्या तीन नामांकित बागांत ती गणली जाते. तिची ओळखच मुळी विस्तीर्ण हिरवळींची. हिवाळ्यात या हिरवळी गवताच्या गंजीसारख्या फिक्या होतात, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्या चक्क पेटवून देतात. वाळले पान आणि त्यातली कीड जळते, वसंतात खालून नवा कोंब येतो. काळ्या पडलेल्या त्या हिरवळी पाहायला लोक मुद्दाम जमतात. (हा प्रकार इथे कुणी करून पाहू नये. आपल्या टेकड्यांना वणव्यांचा त्रास आधीच पुरेसा आहे.) तिथले गवत थंडीने झोपते आणि आपले तहानेने, हा फरक खरा आहे. झोपणे मात्र दोघांचे सारखेच, आणि ते पाहण्याची जपानी माणसाची नजर आपण पु. ल. देशपांडे उद्यानाबरोबर आणायला विसरलो.

या विचाराने वर्ष आखले तर कामांची मांडणी बदलते. वर्षाची सुरुवात जानेवारीत नव्हे, मृगात. नवी हिरवळ लावायची तर मेमध्येच जमीन फूटभर खणून उन्हात तापू द्यावी. पुण्यातल्या पुष्कळ बंगल्यांच्या आणि जवळजवळ सगळ्या सोसायट्यांच्या आवारात वरच्या थराखाली बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. तो काढल्याशिवाय वर कितीही पैसे घालून उपयोग नाही. विकतच्या तांबड्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी फुकट येतात, म्हणून माती टाकून एकदा भिजवावी, लव्हाळा उगवू द्यावा आणि गाठीसकट खणून काढावा. नुसता वरून उपटला तर गाठ खाली हसत राहते. अंगणाला घरापासून बाहेरच्या बाजूला थोडा उतार हवा. पहिला दमदार पाऊस झाला की हरळीच्या कांड्या चार-चार बोटांवर टोकाव्यात. चटईपेक्षा हे दहा-बारा आठवडे जास्त घेते, पण मुळे थेट आपल्या मातीत उतरतात.

जुलै-ऑगस्टात कापणीशिवाय दुसरे काम नको. दर आठवड्याला कापावे आणि एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये: तीन इंच वाढले असेल तर दोनावर आणावे, एकावर नव्हे. या दिवसांत खत दिले तर पान लुसलुशीत होते आणि ढगाळ, दमट हवेत त्यावर बुरशीचे गोल डाग पडतात. कापलेले ओले गवत वरच पडू दिले तर खालचे कुजते, म्हणून ते गोळा करून खतात टाकावे. तेच आश्विनात वर पडू दिले तर खत होते. पावसाळ्यातला खरा शत्रू हुमणी. वळवाच्या नि मृगाच्या सरींनंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुनिंबा-बाभळीवर जमतात, जमिनीत अंडी घालतात आणि अळ्या पुढचे तीन-चार महिने मुळे खातात. श्रावणानंतर भरपूर पाणी असूनही हिरवळीचा तुकडा पिवळा पडला, आणि हाताने ओढताच गोधडीसारखा उचलला गेला, तर तिथे हुमणी आहे. हा पिवळेपणा मात्र खपवून घेण्याजोगा नाही. ओलीत पिवळे पडणे हा आजार आणि कोरडेपणात पिवळे पडणे ही झोप, एवढे ओळखता आले तरी हिरवळ राखण्याचे निम्मे शिक्षण झाले. सुरुवातीलाच दिव्याच्या सापळ्याने भुंगेरे धरणे आणि जमिनीत मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळणे, हे दोन उपाय घरच्या बागेला पुरतात.

हिरवळीला खाऊपिऊ घालण्याचा काळ म्हणजे सप्टेंबरअखेर ते दिवाळी. पाऊस ओसरलेला, ऊन लख्ख, जमिनीत ओल. या काळात मिळालेले अन्न काशांत साठते आणि उन्हाळ्याची शिदोरी होते. चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी रेती पातळ थराने पसरावी, घट्ट झालेल्या जागी दातेरी काट्याने भोके पाडावीत. दिवाळीनंतर खत बंद. थंडीत हरळीची वाढ आपोआप मंदावते. १७ जानेवारी १९३५ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता, तशी थंडी आता नाही. तरी रात्री दहा अंशांच्या आसपास आल्या की तिचा रंग उतरतो आणि युरियाने तो परत आणायचा खटाटोप निष्फळ असतो. आठ-दहा दिवसांनी एकदा खोल पाणी पुरते.

पुढचा सल्ला प्रचलित रीतीच्या विरुद्ध आहे. माळी मंडळी साधारण फेब्रुवारीत हिरवळ खरवडतात, मातीपर्यंत कापून वर खत-माती पसरतात आणि भरपूर पाणी देऊन महिन्याभरात नवी हिरवाई आणतात. उन्हाळाभर पाणी घालायचे असेल तर ही रीत योग्य आहे. गवताला झोपू द्यायचे असेल तर ती घातक आहे, कारण वर राहिलेले वाळके पानच काशांवरचे पांघरूण असते. म्हणून होळीनंतर कापणी थांबवावी, गवत अडीच-तीन इंच राहू द्यावे आणि पाणी पंधरा दिवसांतून एकदा, पण सावकाश नि खोलवर द्यावे. दर वेळी दहा मिलिमीटर धरले तर तीन महिन्यांत साडेपाच-सहा हजार लिटर लागतात. मघाच्या ३३ हजारांच्या तुलनेत सहावा हिस्सा. खरवडणे मेअखेरीस, एखादा चांगला वळीव होऊन गेल्यावर करावे.

यावर आक्षेप येतात आणि काही आक्षेप वजनदार आहेत. सगळ्यांत खरा आक्षेप मुलांचा. सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते, मुले खेळणार तेव्हाच, आणि झोपलेले गवत तुडवले तर भरून येत नाही. हे मान्य करायला हवे. त्यावर उपाय असा, की ओट्यापुढची दीड-दोनशे फूट जागा जागती ठेवावी आणि उरलेली झोपू द्यावी. हजार फुटांना एकच नियम लावायची सक्ती कुणी केलेली नाही. दुसरा आक्षेप गारव्याचा. हिरवळीवरून उडणारे पाणी हवेतली उष्णता घेते हे शास्त्र बरोबर आहे. पण तो गारवा उघड्या अंगणात तयार होतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर शेजाऱ्याकडे जातो. पश्चिमेच्या भिंतीला सावली देणारा एक कडुनिंब, मुळे खोल गेल्यावर पाण्याचा थेंब न मागता, घर जास्त गार ठेवतो. तिसरा आक्षेप मोठ्या सोसायट्यांचा: आमच्याकडे सांडपाणी प्रक्रियेचे केंद्र आहे, ते पाणी वाया जाण्यापेक्षा गवताला का नको? जरूर द्या; त्याला हरकत नाही. फक्त त्या पाण्यातले क्षार काळ्या मातीत साठून ती चिवट करतात, तेव्हा अधूनमधून तपासणी करून घ्यावी आणि पहिल्या पावसात ते धुऊन जातील असा निचरा ठेवावा.

काहीजण टोकाला जातात. प्लास्टिकचे गवत अंथरा, पाणीच नको, असे एक टोक. भर उन्हात हे गवत साठ अंशांच्या पुढे तापते. ज्या मुलांसाठी ते अंथरले ती अनवाणी त्यावर पाय ठेवू शकत नाहीत. दुसरे टोक म्हणजे गवत काढून पेव्हर ब्लॉक बसवणे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले ते दक्षिण पुणे विसरलेले नाही. वीसहून जास्त माणसे गेली. त्या आपत्तीची कारणे ओढ्याच्या पात्रातल्या अतिक्रमणांपासून अनेक होती आणि अंगणातल्या हिरवळीने ती टळली असती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण झाकलेल्या प्रत्येक आवारातले पाणी तत्क्षणी रस्त्यावर येते आणि गवताखालची सच्छिद्र माती ते काही काळ तरी धरून ठेवते, एवढे निर्विवाद आहे. म्हणून हिरवळ असावी, असेच या लेखाचे मत आहे. पिवळी हिरवळसुद्धा जूनच्या पहिल्या सरीला पाणी मुरवायला तयार असते.

एक आक्षेप मात्र हरळीवरचा आहे आणि तो टाळता येत नाही. तिला सहा तास तरी ऊन लागते. प्रभात रस्त्यापासून सहकारनगरपर्यंत बंगले पाडून दहा-अकरा मजले उभे राहत आहेत, आणि शेजारच्या इमारतीची सावली पडली की अंगणातली हरळी विरळ होत जाते. तिथे पाणी वाढवून किंवा खत घालून काही होत नाही. पैसे खर्च करण्याआधी दिवसभर सावली कुठून कुठे सरकते ते पाहावे. जिथे ऊन उरलेले नाही तिथे हिरवळीचा नाद सोडून सावलीत रमणारी नेची आणि अळूची जात लावावी. शिवाय हरळी हद्द पाळत नाही. गुलाबाच्या वाफ्यात ती शिरणारच. मध्ये वीतभर खोल विटांची आडवी ओळ पुरली तर बऱ्यापैकी अडते.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी येत्या होळीला अंगणाच्या मधोमध दोरी बांधावी. एका बाजूला नेहमीसारखे रोज पाणी घालावे, दुसऱ्या बाजूला पंधरा दिवसांतून एकदा. पाण्याचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. मग आषाढी एकादशीला दोरी सोडावी आणि घरी आलेल्या पाहुण्याला विचारावे, उन्हाळाभर पाणी प्यायलेली बाजू कोणती.